हॉस्पिटलात तोडफोड चालू असताना पेशंटचं काय?

संपादक महोदय,

आमच्या शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेले काही महिने रिनोव्हेशन चालूय. सासऱ्यांची ब्लड कॅन्सरची किमो तिथेच, त्यामुळे सारखं जाणं होतं. वॉर्डाला लागून फॉल्स सीलिंग काढतायत, टाइल्स फोडतायत आणि मध्ये आडोसा काय तर खालून उघडा राहिलेला एक हिरवा कपडा, डेब्रिसच्या गोण्याही पेशंटच्याच लिफ्टमधून खाली जातात. सिस्टर बिचाऱ्या पुसून पुसून दमतात, पण नुसतं पुसून हे थांबणारं नाही.

सीलिंगच्या वर वर्षानुवर्षं साठलेल्या धुळीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे, एकदा उडाले की तासन्‌तास हवेत राहतात. तुमच्या-माझ्या श्वासातून ते रोजच जातात, काही होत नाही. पण किमोने ज्याच्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात त्याच्या फुफ्फुसात ही बुरशी वाढते आणि मग महागडी औषधं देऊनही बरेच जण वाचत नाहीत. २०२१ मध्ये म्युकरने काय केलं ते आपण पाहिलंय. ती बुरशी वेगळी, तिथे शुगर आणि स्टेरॉइडचा भाग मोठा होता, पण प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला बुरशी कशी धरते ते तेव्हाच कळलं ना?

उपाय काही नवीन नाहीत, अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, २००३ मध्येच लिहून ठेवलेत. पार्टिशन जमिनीपासून थेट वरच्या स्लॅबपर्यंत सील करायचं, फॉल्स सीलिंगपर्यंत नाही, कारण त्याच्या वरून धूळ आरामात पलीकडे जाते. कामाच्या जागेतली हवा एक्झॉस्टने बाहेर खेचायची म्हणजे ती वॉर्डाकडे येत नाही. डेब्रिस झाकून वेगळ्या वाटेने न्यायचं. बंद ठेवलेली पाण्याची लाइन परत चालू करताना नळ भरपूर वाहू द्यायचे, साचलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारा लीजनेला जिवाणू वाढतो. आणि असे नाजूक पेशंट तोडफोडीच्या आधीच लांब हलवायचे.

हे सगळं टेंडरमध्येच नसतं, मग कॉन्ट्रॅक्टर स्वतःच्या खिशातून कशाला करेल? माझी कळकळीची मागणी आहे की सरकारी असो की खाजगी, हॉस्पिटलच्या प्रत्येक कामाच्या टेंडरमध्ये याचा खर्च धरा, आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना काम जागच्या जागी थांबवायचा अधिकार लेखी द्या, आज त्यांचं ऐकतं कोण? शिवाय काम कुठे चालूय, किती दिवस आहे आणि किमोच्या पेशंटने कुठल्या वाटेने जायचं याचा मराठीत ठळक बोर्ड गेटवरच लावा.

– एका पेशंटची सून, नाशिक