वाडीची शाळा आणि तिचे जनरल रजिस्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला गावी गेलो होतो. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीची शाळा यंदा जूनमध्ये उघडलीच नाही. पट तीनवर आला होता. त्यातली दोन भावंडे आईवडिलांबरोबर चिपळूणला गेली आणि उरलेल्या एका मुलाचे नाव दुसऱ्या वाडीच्या शाळेत घातले. दाराला कुलूप होते. पावसात भिजू नयेत म्हणून व्हरांड्यात कुणीतरी लाकडे रचून ठेवली होती. मी बराच वेळ पायरीवर बसलो होतो. तेव्हापासून हे पत्र मनात आहे.

१९७१ च्या जूनमध्ये मी या शाळेत पहिलीला बसलो. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, एक मोठी खोली आणि पुढे व्हरांडा. पहिली ते चौथीची आम्ही सव्वीस मुले आणि एकच गुरुजी. चार इयत्तांच्या चार रांगा. गुरुजी चौथीला गणिते घालत, तिसरीला शुद्धलेखन, दुसरीला पाढे, आणि मग पहिलीजवळ येऊन खाली बसत. आम्हा लहानांचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवत. तिकडे पाढे म्हणणाऱ्यांचे चुकले, की इकडून मान वर न करता म्हणत, "सतरा नव्वे? नीट सांग." आणि पहिलीच्या रांगेतून आवाज येई, "त्रेपन्नासे!" आम्हाला तो पाढा कुणी शिकवला नव्हता, रोज कानांवर पडून तो आला होता. एका खोलीत चार वर्ग म्हणजे गैरसोय, असे आज म्हटले जाते. शिक्षकाची ओढाताण होते हे मलाही मान्य आहे. पण मोठ्यांचा धडा ऐकत ऐकत लहान मूल किती पुढे जाते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटण्याआधी जमीन सारवायची. आम्ही मुलगे शेण आणि पाणी आणायचो, मुली सारवायच्या. दुसऱ्या वर्षी गुरुजींनीच स्वतः बाह्या सरसावून पहिला पट्टा सारवला आणि मुलग्यांना म्हणाले, "आता तुमी." गुरुजी कोल्हापूरकडचे होते. त्यांची बोली आम्हाला सुरुवातीला कळत नसे आणि आमची त्यांना. दोन वर्षांत ते आमच्यासारखे हेल काढू लागले आणि आम्ही त्यांच्यासारखे "काय लेका" म्हणू लागलो. पाटी पुसायला चिऱ्याच्या फटीत पाणीदार देठाचे एक रोप उगवे, त्याचा देठ मोडून फिरवला की पाटी लखलखीत होई. मधल्या सुट्टीत त्या रोपासाठी भांडणे होत.

शाळा आणि वाडी यांच्या मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा होता. आषाढात तो भरला, की गुरुजी पलीकडच्या काठावर येऊन उभे राहत. गोणपाटाची खोळ घेतलेली मोठी मुले लहानांना हाताला धरून साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून नेत आणि पलीकडे गुरुजी एकेकाला उतरवून घेत. पाणी साकवाला लागले तर तिकडूनच हात हलवून "घरी जा" असे सांगत. त्या दिवशी आम्हाला आनंद व्हायला हवा होता, पण होत नसे.

आमच्या वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला गिरणीत होते. माझे वडीलही. दर महिन्याला मनिऑर्डर येई आणि सोबत चार ओळींचा मजकूर. पोस्टमन शाळेच्या व्हरांड्यात टेकायचा आणि बायका तिथेच जमायच्या. पत्र गुरुजी वाचून दाखवत. उत्तर लिहायला मात्र चौथीच्या मुलांना बसवत. काकी, मावशी सांगत, आम्ही लिहीत. "गाय व्याली म्हणून लिव्ह. पण माजं बरं नाय ता लिव्ह नको." काय लिहायचे आणि काय पोटात ठेवायचे, हे मला वयाच्या नवव्या वर्षी त्या व्हरांड्यात समजू लागले. पुढे चौतीस वर्षे मी टपाल खात्यात नोकरी केली. तिची सुरुवात तिथेच झाली असे मी मानतो.

आई मनिऑर्डर अंगठा उठवून घेई. एका पावसाळ्यात गुरुजींनी संध्याकाळी कंदील लावून चारपाच बायकांना सही शिकवायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांना कुणी जादा पैसे देत नव्हते. दिवाळीच्या मनिऑर्डरीवर आईने पहिल्यांदा सही केली तेव्हा पोस्टमनने पेन परत घेण्याआधी ती सही सगळ्या बायकांना दाखवली. मी शेजारीच उभा होतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मोठ्या शाळेत खेळाचे मैदान, प्रयोगशाळा आणि विषयवार शिक्षक मिळू शकतात, हे खरे आहे. पण शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानंतर आपल्याकडे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरले, त्यालाही कारण होते. कोकणातली वाडी नकाशावर जवळ दिसते, पण मध्ये पऱ्या असतो, घाटी असते, सड्यावरचा वारा असतो. सहा वर्षांच्या मुलाला ते अंतर पायांनी कापायचे असते. म्हणून माझी विनंती आहे, की पट मोजायला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा आषाढात यावे आणि मुलाच्या दारापासून नव्या शाळेच्या दारापर्यंत चालत जावे. निर्णय मग घ्यावा.

आमच्या शाळेत आता कुणी परत येईल अशी आशा मला नाही. घरेच बंद आहेत. पण एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. प्रत्येक शाळेचे एक जनरल रजिस्टर असते. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव त्यात असते. आमच्या रजिस्टरात वाडीतल्या निम्म्याअधिक लोकांची जन्मतारीख १ जून आहे. जन्माची नोंद कुणाकडेच नसे, आईला विचारले तर "मोठ्या पुरात झाला" एवढेच उत्तर मिळे. मग जूनच्या प्रवेशाला वय बसेल अशी तारीख गुरुजी घालत. ज्यांचा दुसरा कुठलाच कागद उरलेला नाही, अशा माणसांचीही त्यात एक ओळ आहे. शाळा बंद झाली की रजिस्टर दुसऱ्या शाळेत जाते आणि कपाटात पडते. वाळवी आणि ओल यांपुढे कोकणात कागद फार टिकत नाही. त्याची एक प्रत काढून ग्रामपंचायतीत ठेवावी, एवढे तरी व्हावे.

आमचे रजिस्टर ज्या शाळेत गेले आहे तिथल्या बाईंना मी भेटलो. त्यांनी ते शिक्षकांच्या खोलीत बसून पाहू देण्याचे कबूल केले आहे. दिवाळीनंतर जाणार आहे. दोनशे पानी वही घेऊन ठेवली आहे. १९७१ पासून सुरुवात करीन आणि मग मागे जाईन.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)