जुनी नावं पुसू नका

महोदय,

गेमच्या विकीवर, म्हणजे खेळणाऱ्यांनीच लिहिलेल्या माहितीकोशावर, नावांची शिस्त कशी लावावी, हा कालचा लेख वाचला. विषय घेतल्याबद्दल लेखकाचे आभार. पण त्यांचा तोडगा वाचून राहवलं नाही. सगळीकडे नवं नाव ठेवा, ताजे आकडे ठेवा, सारं एका तक्त्यात बसवा आणि जुन्या नावांना पुनर्निर्देशन द्या, की प्रश्न मिटला म्हणे. कसा मिटला? जुनं नाव टाकून वाचक पानावर पोचेल हो, पण त्याच्या खेळातली माहितीच तिथे नसेल तर पोचून करायचं काय?

मी हे भोगलं आहे. एका विकीवर पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या ‘बाइट’ या मूव्हचं, म्हणजे लढाईतल्या डावाचं, पान मी दोन आठवडे खपून लिहिलं होतं. बाइट पहिल्या पिढीत, म्हणजे खेळांच्या पहिल्या संचात, नॉर्मल प्रकारची होती, दुसऱ्या पिढीत डार्क झाली. तेव्हा मूव्ह फिजिकल (अटॅकच्या आकड्यावर चालणारी) की स्पेशल (स्पेशल अटॅकच्या आकड्यावर चालणारी) हे तिच्या प्रकारावरूनच ठरायचं, त्यामुळे डार्क होताच ती फिजिकलची स्पेशल झाली. २००६ साली डायमंड आणि पर्ल हे पोकेमॉन खेळ आले, तेव्हापासून हे प्रत्येक मूव्हचं वेगळं ठरू लागलं आणि बाइट पुन्हा फिजिकल झाली. हे सगळं मी पिढीवार मांडलं होतं. एके दिवशी ॲडमिनने ‘सध्याचं तेवढं पुरे’ एवढा शेरा मारून ते उडवलं आणि पान तक्त्यात विलीन केलं. उरली एक ओळ: डार्क, फिजिकल, ताकद ६०.

पुढच्याच महिन्यात माझा भाचा रूबी हा २००६ च्या आधीचा जुना पोकेमॉन खेळ खेळत होता. त्याच्याकडे ॲब्सॉल नावाचा पोकेमॉन होता. मूळ अटॅक १३०, स्पेशल अटॅक अवघा ७५. ती ओळ वाचून त्याने तीन वेळा स्वोर्ड्स डान्स करून अटॅक वाढवला आणि मग बाइट मारली. समोरच्याची जीवाची पट्टी जेमतेम हलली. “मामा, विकीवर फिजिकल लिहिलंय ना?” रूबीत ती स्पेशल आहे, वाढवलेल्या अटॅकचा तिला काडीचा उपयोग नाही. पोराचं काहीच चुकलं नव्हतं. पानच त्याच्या खेळाचं नव्हतं.

जुनी इंग्रजी नावं म्हणजे टंकनाच्या चुका, असंही लेखात म्हटलं आहे. सरसकट तसं नाही. ‘थंडरपंच’ इंग्रजीत जोडून लिहिलं जायचं, कारण मूव्हच्या नावाला बाराच अक्षरांची जागा होती आणि ती या जोडनावानेच भरत होती. २०१३ साली मर्यादा वाढली, तेव्हा मधली मोकळी जागा आली. त्याच वेळी ‘फेंट अटॅक’ या मूव्हचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने बदललं. देवनागरीत फरक दिसत नाही, पण आधीच्या शब्दाचा अर्थ मूर्च्छा, नंतरच्याचा हुलकावणी. मूळ जपानी नावात फसवून मारणंच आहे, म्हणजे ही दुरुस्ती खरी. तरीही खेळाचं जुनं काडतूस (कार्ट्रिज) लावणाऱ्याच्या पडद्यावर आजही जुनंच स्पेलिंग येतं. ते पानाच्या पहिल्या ओळीत, नव्या नावाशेजारी असायला हवं. फायनल फँटसी या दुसऱ्या गेमच्या जुन्या इंग्रजी आवृत्तीत ‘फायर २’ म्हणून जो मंत्र होता तो पुढे ‘फायरा’ झाला, तिथेही हेच.

जाता जाता आणखी एक. लेखात मूव्हना सरसकट ‘ॲबिलिटी’ म्हटलं आहे. पोकेमॉनमध्ये ॲबिलिटी ही २००२ च्या रूबी-सफायरपासून आलेली निराळी गोष्ट आहे. ती पोकेमॉनच्या अंगची असते, मूव्हसारखी निवडून वापरायची नसते. नावांच्या शिस्तीवरच्या लेखात हे व्हावं, याचं वाईट वाटलं. दुरुस्ती छापणार असाल तर हे दोन शब्द तेवढे वेगळे करून छापा.

आपला,
एक नियमित वाचक