लहरी माणूस आणि आजारी माणूस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली कुणाचा मूड जरा बदलला की त्याला ‘बायपोलर’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. बोलण्यातले हे वळण आता लेखांत, मुलाखतींत आणि मथळ्यांतही दिसू लागले आहे. यात लहरी माणसाला सोसणाऱ्यांवर आणि खरोखर आजारी असणाऱ्यांवर, अशा दोन प्रकारच्या माणसांवर अन्याय होतो, म्हणून हे पत्र.

मराठीत स्वभाव सांगणाऱ्या शब्दांचा तोटा कधीच नव्हता. तापट माणूस पटकन भडकतो आणि तितक्याच पटकन निवतो. बहुधा मनात काही ठेवत नाही. तिरसट माणूस रागावलेलाच असतो असे नाही, त्याची बोलण्याची तऱ्हाच तशी. केव्हाही जा, वाकडेच उत्तर मिळणार. हेकट, एककल्ली, विक्षिप्त, तऱ्हेवाईक, छांदिष्ट या प्रत्येकाचे वागणे निराळे, पण थोड्या सहवासाने अंदाज बांधता येतो. लहरी माणसाचा मात्र अंदाजच येत नाही. ‘मूडी’ म्हटले की हा सगळा फरक पुसला जातो. तापट माणसाशी घटकाभर गप्प राहून निभते. लहरी माणसाशी कसे निभवावे, हा प्रश्नच वेगळा आहे.

जुन्या सुभाषितात ‘क्षणे रुष्टा क्षणे तुष्टा’ म्हणून पुढे जे म्हटले आहे ते फार कमी वेळा उद्धृत होते: ‘अव्यवस्थितचित्तस्य प्रसादोऽपि भयंकरः’. अशा माणसाची कृपासुद्धा भीतिदायक. लहरी बापाच्या घरात वाढलेल्या मुलांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दाराशी चपला कशा काढल्या जातात, त्या आवाजावरून ती ठरवतात की खेळ चालू ठेवायचा की पुस्तक पुढ्यात ओढायचे. काल हात उगारणारा बाप आज खेळणे घेऊन येतो, तेव्हा ती आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि मग खेळण्याकडे. या बापाला ‘बायपोलर’ म्हटले की त्याच्या वागण्याला परस्पर आजाराची सबब मिळते. बहुतेक वेळा तो आजारी नसतो. आपल्या लहरी घरच्यांनी सोसाव्यात, असे त्याने गृहीत धरलेले असते, एवढेच.

शब्द वापरतानाही आपण माणूस पाहून वापरतो, हे जाता जाता नोंदवते. पुरुष मनाला येईल तसा वागला तर मनस्वी, कलंदर; बाई तशी वागली तर चंचल, नखरेल. साहेब ओरडला तर कडक, हाताखालचा ओरडला तर उद्धट.

आता आजाराबद्दल. द्विध्रुवीय विकारात, म्हणजे खऱ्या ‘बायपोलर’ आजारात, मनःस्थिती चहाच्या दोन कपांमध्ये पालटत नाही. निदानाच्या प्रचलित निकषांनुसार उन्मादाचा, म्हणजे अतिउत्साहाचा, काळ सहसा किमान एक आठवडा, तर नैराश्याचा किमान 2 आठवडे टिकावा लागतो. ‘झपाट्याने बदलणारा’ प्रकार म्हणतात तोही वर्षात 4 किंवा अधिक आवर्तने असलेला, तासाला 4 नव्हे. माझ्या जवळच्या नात्यातल्या एका व्यक्तीला हा आजार आहे. उन्मादाच्या दिवसांत ती जेमतेम दोन-तीन तास झोपायची आणि तरीही ताजीतवानी असायची. पहाटे सगळी कपाटे रिकामी करून नव्या धंद्याचे बेत भिंतीवर लिहायची. पुढे काही महिन्यांनी तिला केस विंचरण्याचेही बळ उरले नव्हते. आज ती औषधे नियमित घेते आणि नोकरी करते. ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी 1949 मध्ये या आजाराच्या उन्मादावर लिथियम या औषधाचा उपयोग दाखवून दिला. तेव्हापासून उपचारांत बरीच भर पडली आहे. पण कचेरीत कुणी एखाद्या रुसलेल्या सहकाऱ्याला ‘काय बायपोलरसारखा करतोस’ म्हणाले की ती आपली गोळी कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी घेते. आजाराचे नाव टोमण्यासाठी वापरले गेले की तो उघडपणे सांगणे असे अवघड होऊन बसते.

वृत्तपत्रांबद्दल आणखी एक तक्रार आहे. हल्ल्याच्या बातमीत आरोपीची वैद्यकीय तपासणीही झालेली नसताना मथळ्यात ‘माथेफिरू’ किंवा ‘मनोरुग्ण’ छापले जाते. मनोविकार असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक कुणावर हात उगारत नाहीत. उलट मार खाण्याची वेळ त्यांच्यावर इतरांपेक्षा अधिक येते. पुढे तपासात काही वेगळेच निघाले तरी तो मथळा कुणी मागे घेत नाही.

माझी विनंती साधी आहे. निदान झालेले असेल आणि बातमीशी त्याचा संबंध असेल तरच आजाराचे नाव छापावे, आणि तेही कुणी निदान केले ते सांगून. बाकी वेळी माणूस काय वागला ते लिहावे. नेत्याने सभेत माईक फेकला असेल तर ‘माईक फेकला’ असेच लिहावे. तो तापट की लहरी, ते वाचक ठरवतील. आपल्या उपसंपादकांपर्यंत हे पोहोचवावे.

आपली,
एक नियमित वाचक