थायरॉइडची गोळी आणि 'मुळापासून बरं' करणाऱ्या जाहिराती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मधल्या पानावर ती जाहिरात असते ना, 'थायरॉइड मुळापासून घालवा, गोळीला कायमचा रामराम', त्याबद्दल लिहायचंय. मी स्वतः थायरॉइडची पेशंट, कित्येक वर्षं सकाळची गोळी चालू आहे, आणि आमच्या मोठ्या जाऊबाईंनी असलीच एक पावडर मागवली होती म्हणून जरा लांबलचक लिहितेय, कापायचं ते कापा.

पावडर चालू आणि गोळी बंद. पहिला आठवडा काही त्रास नाही, दुसराही तसाच, उलट जाऊबाई म्हणायच्या, 'अगं बघ, कसं हलकं वाटतंय!' यात पावडरीचं कर्तृत्व शून्य. गोळीतलं थायरॉक्सिन, म्हणजे सुस्त पडलेली थायरॉइड ग्रंथी जे हार्मोन पुरेसं बनवत नाही तेच, अंगातून निम्मं कमी व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात, त्यामुळे गोळी सोडली तरी आधीच्या साठ्यावर काही दिवस निघतात आणि या लोकांचं सगळं दुकान नेमकं त्या दिवसांवर चालतं. मग हळूहळू सुस्ती, बद्धकोष्ठता, आवाज घोगरा, ऐन मे महिन्यात 'पंखा बंद करा गं', पण तोवर पावडरीचा दुसरा डबा आलेला असतो आणि दोष जातो वयावर. शेवटी रक्त तपासलं तर टीएसएच भरमसाट वाढलेलं, सोबत कोलेस्टेरॉलही. डॉक्टर म्हणाले कोलेस्टेरॉलचं नंतर बघू, आधी थायरॉइडची गोळी नीट चालू करा, आणि खरंच ते बरंचसं त्यानेच उतरलं.

आता हे टीएसएच म्हणजे काय तेही कुणी धड सांगत नाही. ते थायरॉइडचं हार्मोन नव्हेच, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ते सोडते, गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावायला. थायरॉइड सुस्त पडलं की पिट्युटरी जास्त ओरडते, म्हणून आकडा वर जातो. लोक म्हणतात 'माझं थायरॉइड वाढलंय' आणि निघतात ते कमी करायला!

आणि मुळापासून म्हणजे कुठून हो? आयोडीनचं मीठ खाऊनही ज्यांना हा आजार होतो त्यांच्यात बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या ग्रंथीवर उलटलेली असते. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्येच हे दुखणं लिहून ठेवलंय, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखतात. काहींचं थायरॉइड, विशेषतः बाळंतपणानंतर बिघडलेलं, आपलं आपण सुधारतं आणि गोळी सुटते, नाही असं नाही, पण ते डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ठरवायचं. काढ्याशी माझं वैर नाही, आमच्याकडेही होतो, गोळी सोडायला सांगतात तिथे माझं डोकं फिरतं.

सुरुवात करणाऱ्यांचाही हाच घोळ, पंधरा दिवसांत वजन उतरलं नाही की 'मला ही गोळी लागू पडत नाही'. अहो, डोस बदलला की परत तपासायचं 6 ते 8 आठवड्यांनी, त्याआधी तपासून आकडा पक्का कळत नाही. आणि थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बरंचसं पाणी आणि मिठाचंच असतं, बाकीचं आपल्या जेवणाचं. घाई करून मनानेच 50 मायक्रोग्रॅमची 100 केली तर छातीत धडधड, हात थरथर, झोप उडते, आणि वय झालेल्यांची हाडंही ठिसूळ होतात.

घेण्याची पद्धत तर कागदावर एका ओळीत असते, 'उपाशी पोटी'. आमच्याकडे उपाशी पोटी म्हणजे पहिल्या चहासोबत! चहा, दूध अर्ध्या-एक तासाने, आणि कॅल्शियम, लोहाची गोळी चांगली 4 तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी पोटात गेली तरी नीट शोषली जात नाही. बाटली ओट्यावर गॅसजवळ, कुकरच्या वाफेत ठेवायची नाही. बाटलीवर सगळं इंग्रजीत आणि इतकं बारीक की माझ्या सासूबाईंना ती दिसते फक्त पांढरी. केमिस्टने मराठीत चार ओळींचं स्टिकर लावलं तर काय बिघडेल?

तुमच्याकडे मागणं दोनच. 1954 चा जादूटोण्यासारख्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेहाबरोबर गलगंडही, म्हणजे थायरॉइड ग्रंथी फुगून गळा सुजणंही, आहे, तो जाहिरात विभागाने एकदा वाचावा. आणि नवरात्राच्या आधी तुम्ही उपासाच्या पदार्थांचं पान काढता, त्यात एक चौकट टाका की थायरॉइडची गोळी आणि घोटभर पाणी उपासाला चालतं. आमच्या गल्लीत नऊ दिवस गोळी बंद ठेवणाऱ्या बायका कमी नाहीत.

आपली एक वाचक,
मिरज