लाट आधी कुणाची, हे किनाऱ्यावर लिहून लावा

मा. पर्यटन मंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

स. न. वि. वि.

मी बडोद्याची, आणि कयाक, म्हणजे बसून वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, चालवते. आमच्या जवळचा समुद्र म्हणजे खंभातचे आखात. तिथला चिखल आणि भरती-ओहोटीची ओढ पाहता लाटांवर खेळणे होतच नाही. म्हणून आम्ही द्वारकेकडे, नाहीतर कोकण-गोव्याकडे जातो. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा भाग, एके काळी बडोदा संस्थानातच होता, ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या काळातले. तो किनारा आम्हां बडोद्याच्या मराठी माणसांना परका नाही. तिथे जलक्रीडा वाढाव्यात असे मनापासून वाटते. पण कयाकवाले आणि सर्फबोर्डवाले (फळीवर उभे राहून लाटेवर घसरणारे सर्फर) एकाच लाटेवर आले की आधी कोण, हे आताच ठरले पाहिजे.

भांडणाचे मूळ साधे आहे. बसून वल्हे मारणाऱ्याला वेग लवकर मिळतो. लाट नुसती फुगत असते, तेव्हाच कयाकवाला ती खोल पाण्यात पकडतो. बोर्डवर पालथे पडून हातांनी पाणी मारणाऱ्याला ते जमत नाही. त्याला लाट फुटते त्या जागेजवळ थांबावे लागते. म्हणजे एकट्या कयाकवाल्याने मनात आणले तर प्रत्येक चांगली लाट त्याचीच. बाकीचे ताटकळतात, मग आवाज चढतात. दुसऱ्या राज्यातल्या एका किनाऱ्यावर ‘इथे परत दिसू नकोस’ इथपर्यंत गेलेले मी ऐकले आहे. बोर्डवाल्यांची अरेरावीही खरीच. काही जण समुद्र आपल्या नावावर असल्यासारखे वागतात. तरीही जास्त जबाबदारी आम्हां कयाकवाल्यांची, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण वजन. भाड्याने मिळणारी प्लास्टिकची कयाक 20-25 किलोची सहज असते. सर्फबोर्ड तिच्या मानाने हलका, शिवाय दोरीने घोट्याला बांधलेला. कयाक फेसात आडवी झाली की नवशिक्याला ती आवरत नाही. माणूस बाहेर फेकला गेला तर रिकामी कयाक लाटेबरोबर किनाऱ्याकडे सुटते, वाटेत पोहणारे मूल असले तरी.

यावरचे नियम सर्फरांमध्ये फार पूर्वीपासून आहेत. लाट जिथे प्रथम फुटते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. तो लाटेवर असताना पुढे घुसायचे नाही. परत आत जाताना फुटत्या लाटांमधून नाही, बाजूने वळसा घालून जायचे. कयाकवाल्यांसाठी मी एक जोडीन: लांबून पकडता येते म्हणून प्रत्येक पकडायची नाही, एक घेतली की पुढच्या काही सोडायच्या.

द्वारकेजवळच्या शिवराजपूर किनाऱ्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाले. किनाऱ्याच्या वेगवेगळ्या वापरांत संघर्ष आणि अपघात होऊ नयेत अशी व्यवस्था असणे, ही त्या मानांकनाचीच एक अट आहे. तेव्हा मी नवे काही मागत नाही. ऑस्ट्रेलियात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये फक्त पोहणारे असतात, बोर्ड तिथे चालत नाहीत; बोर्ड आणि बिनमोटारीच्या होड्यांच्या पट्ट्यासाठी काळ्या-पांढऱ्या चौकटीचे झेंडे असतात. चार झेंडे आणि ते रोज वारा-पाणी बघून हलवणारा जीवरक्षक, एवढ्यावर बरेच भागते. नवशिक्यांच्या कयाकना वेगळा पट्टा दिला तर निम्मी भांडणे सुरूच होणार नाहीत.

आपल्याकडे नियम अपघातानंतर आठवतात, मंत्रीमहोदय. बडोद्यातल्या हरणीच्या तलावात 18 जानेवारी 2024 रोजी होडी उलटून 12 मुले आणि 2 शिक्षिका गेल्या. त्यानंतर या शहरात कुठलाही पालक मुलाला होडीत बसवताना दोनदा विचार करतो. मला भीती दोन्हींची आहे: कुणाचा जीव जाण्याची, आणि मग चौकशी होईपर्यंत सगळ्याच होड्या-बोर्ड बंद करून टाकण्याची. लाटांवर रमलेली आमची मुलेमुली त्यात भरडली जातील.

म्हणून विनंती एवढीच. पावसाळा संपून जलक्रीडेचे परवाने देताना त्यात तीन अटी घाला: लाटेचे नियम गुजराती, हिंदी आणि मराठीत किनाऱ्यावर लावणे, कयाक भाड्याने देण्यापूर्वी ते तोंडी समजावणे, आणि पट्टे झेंड्यांनी वेगळे करणे. ऐकत नसेल त्याला पाण्याबाहेर काढायचा अधिकार जीवरक्षकाला लेखी द्या. मसुदा करताना कयाकवाले आणि सर्फर दोघांना एकत्र बोलवा. मी स्वखर्चाने गांधीनगरला येईन.

आपली नम्र,
बडोद्याची एक कयाकपटू