दुधनीच्या स्टेशनमास्तरांची लेक आणि मधल्या मारुतीजवळचं तुमचं दुकान

काका,

साष्टांग नमस्कार.

पत्रात तुमचं नाव घातलेलं नाही. गेल्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर तुम्हाला बोलवायचं आणि शाल-नारळ द्यायचं, असं मी ठरवलं होतं. तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, "बाई, मला स्टेजवर चढवू नकोस, गुडघे धरतात." गुडघ्यांचं निमित्त होतं, हे कळलं मला. मग म्हटलं, लिहून तरी मोकळं व्हावं. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडंच लिहिते आहे.

तीन वर्षं झाली त्या दुपारीला. मे महिना होता. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला मी काय सांगावं! नवी पेठेतली निम्मी दुकानं शटर ओढून बसलेली. मी रिक्षातून जळका अ‍ॅम्प्लिफायर उतरवला आणि तुमच्या दुकानाच्या पायरीवर ठेवला. "दुरुस्त झाला तर विकायचाच आहे," असं म्हणाले. तुम्ही झाकण उघडलंत, वास घेतलात आणि "ट्रान्सफॉर्मर गेलाय" एवढंच बोललात. मग स्टूल पुढं सरकवून माठातलं पाणी दिलंत. मी का विकतेय ते तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलं नाहीत म्हणूनच मी सांगितलं.

अठरा वर्षं ऑर्केस्ट्रात गाते आहे. लग्नाच्या वराती, बारशी, गणपती, नवरात्र, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतल्या सुपाऱ्या. त्या वर्षी एका पार्टीकडं माझे अकरा कार्यक्रमांचे पैसे अडकले होते. फोन केला की "पुढच्या सुपारीला मिळून देतो." पुढची सुपारी झाली की पुन्हा तेच. सातव्या-आठव्या वेळी मी जरा आवाज चढवला, तर उत्तर आलं, "ताई, तुम्ही कलाकार माणसं, पैशाचं एवढं काय घेऊन बसलात?" त्या वाक्यानं मी आतून खचले. घरी यजमान म्हणाले, सोडून दे. मलाही वाटलं, सोडावं. मुलीची दहावी होती, घरात मशीन होतं, फॉल-पिकोचं काम भरपूर होतं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग उठून मागच्या कपाटातून ग्रामोफोन काढलात.

ते अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढं आहे. आधी चावी भरलीत, मनात मोजत. मग तबकडी कागदी पाकिटातून काढली. कडेला धरलीत, मधे बोट लागू दिलं नाहीत. मऊ फडक्यानं गोल गोल पुसलीत. साउंडबॉक्समधली जुनी सुई काढून डबीतली नवी बसवलीत. मी म्हटलं, "आहे ती चालली असती की." तर म्हणालात, "एका बाजूला एक सुई. पोलादाची असली तरी झिजते ती, आणि झिजलेली सुई तबकडीला ओरबाडते. लाखेची आहे ही, परत कोण करून देणार?" मिनिटाला 78 फेरे, जेमतेम तीन मिनिटांचं गाणं, आणि त्यासाठी तुमची ही एवढी तयारी. माझ्या गाण्यासाठी कुणी कधी असा माइकसुद्धा पुसला नव्हता, काका.

आधी नुसती खरखर आली. मग तो आवाज. 'गोपाळकृष्ण'मधलं गाणं होतं, 1938 सालचं, मास्तर कृष्णरावांचं संगीत. ओळ सुरू व्हायच्या आधी बाईंनी घेतलेला श्वास ऐकू आला. आम्ही ट्रॅकवर गाणारी माणसं. श्वास ऐकू आला की साउंडवाला तोंड वाकडं करतो. तुम्ही मात्र बोट वर करून मला तो श्वास दाखवलात. "हे बघ. राधा झालीय ती, पण छाती तिची स्वतःची आहे." गळा मोठा गोड वगैरे नव्हता. धारदार होता, थेट समोर येणारा. शब्द कसे स्वच्छ! एका जागी तान संपवून त्या पुन्हा शब्दावर अशा उतरल्या की जिन्याची पायरी न बघता माणूस खाली यावा.

"कोण ओळखलंस?" मी नाही म्हटलं. "शांता आपटे. दुधनीच्या."

दुधनी! माझं माहेर कलबुर्गीचं. होटगी, अक्कलकोट रोड, बोरोटी, दुधनी. ही स्टेशनं मला पाढ्यासारखी पाठ आहेत. दुधनी आलं की आई म्हणायची, आता आपली हद्द आली, आणि डब्यातली मराठी कुजबुज कानडीत बदलायची. त्याच गावात 1916 साली एका स्टेशनमास्तरांच्या घरी ही मुलगी जन्मली. वडिलांना गाण्याचा नाद होता. पुढं ती पंढरपूरला महाराष्ट्र संगीत विद्यालयात शिकली. म्हणजे जन्म आपल्या जिल्ह्यातला, तालीमही आपल्या जिल्ह्यातली. इतकी वर्षं या गावात गाऊन हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत नाही, स्टेजवर नाही, कुणी म्हणून सांगितलं नव्हतं. सगळ्या निवेदकांना लतादीदी, आशाताई पाठ. त्यांच्या आधी पडद्यावर उभं राहून, तोंडानं संवाद आणि गळ्यानं गाणं दोन्ही स्वतः पेलणाऱ्या बाया होत्या, त्यांतली एक दुधनीची होती, हे मला तुमच्या दुकानात कळलं.

त्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर तिथंच राहिला. मी आठवड्यानं आले, मग पुन्हा आले. दर खेपेला तुम्ही थोडं थोडं सांगत गेलात. 1932 साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये राधा म्हणून पहिल्यांदा उभी राहिलेली कोवळी पोर. मग 1934 चा प्रभात फिल्म कंपनीचा 'अमृतमंथन'; कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला आली होती तेव्हाची गोष्ट. त्यात केशवराव भोळ्यांची गाणी त्यांनी म्हटली, आणि गाताना हात, मान, डोळे सगळं बोलायला लागलं. त्या काळी गाणं आलं की नट खांबासारखे उभे राहून गायचे. तुम्ही टेबलावर हात उघडून मला तो हात दाखवायला गेलात, आणि तुमचा सोल्डरिंग गन धरून धरून वाकडा झालेला अंगठा मला दिसला. मी स्टेजवर आता गाते तेव्हा डावा हात माइकच्या वायरीला गुंडाळून ठेवत नाही. तो तुमच्यामुळं सुटला.

शांताबाईंचा 'कुंकू' मी घरी लेकीबरोबर बघितला. 1937 चा चित्रपट, आणि सोळा वर्षांची पोरगी मोबाइल बाजूला ठेवून बघत बसली. मामानं फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार नाही. रडून नाही, ताठ उभं राहून, डोळ्यांत बघून. त्या चित्रपटात मागून वाजणारं संगीत नाही, प्रसंगात जे वाजू शकेल तेवढंच वाजतं, हे तुम्ही आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही कान देऊन बघितलं. घड्याळाची टिकटिक सुद्धा अंगावर येते. आणि मग नीरा ग्रामोफोनवर तबकडी लावते आणि लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. इंग्रजीतच! दुधनीत जन्मलेली, पंढरपुरात शिकलेली मुलगी! लेक म्हणाली, "आई, ही घाबरत कशी नाही?" तिच्या दहावीच्या मार्कांपेक्षा मला तो प्रश्न मोलाचा वाटला.

पण मला परत उभं केलं ते 'कुंकू'नं नाही. ते पुढच्या गोष्टीनं केलं, आणि तीही तुम्हीच सांगितलीत.

1939 साल. नाव एवढं झालेलं, गावोगाव लोक ओळखायला लागलेले. कंपनीशी कराराचा वाद झाला, तेव्हा या बाई पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. नायिका! राधा झालेली, नीरा झालेली नायिका, स्टुडिओच्या फाटकाशी. आणि 1940 मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' तुमच्याकडं त्याची झेरॉक्स होती, पिवळ्या पुठ्ठ्यात बांधलेली. ती तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून दिलीत आणि म्हणालात, "वाच. मग अ‍ॅम्प्लिफायर विकायचा का ते सांग."

मी दोन रात्रींत वाचलं. नटीनं लिहिलेलं पुस्तक म्हणजे आठवणी, हारतुरे, कोणाबरोबर काम केलं त्याच्या कथा असतील, असं मला वाटलं होतं. ह्या बाई तर सिनेमाकडं धंदा म्हणून बघतात. तिथं कुणाला किती आणि कसं राबवून घेतलं जातं, ते सांगतात. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या पोरीबाळींनी काय समजून जावं, ते सांगतात. कला आणि पैसा यांत त्यांना कुठंच संकोच नाही. मला त्या पार्टीचं वाक्य आठवलं, "तुम्ही कलाकार माणसं." आणि पहिल्यांदा त्यावर राग आला. तोपर्यंत लाज वाटत होती.

पुस्तक वाचून मी आले, तेव्हा तुम्ही जुनं बिलबुक काढलंत. कार्बन घातलात. मी सांगत गेले, तुम्ही लिहीत गेलात: कार्यक्रमाची तारीख, ठिकाण, किती तास, किती गाणी, रक्कम किती, निम्मी सुपारी घेतानाच, उरलेली स्टेजवरून उतरायच्या आत, आणि रात्री घरापर्यंत गाडी. गाडीचं मी विसरले होते. "आणि घरी कशी जाणार? तेही लिही," असं तुम्हीच म्हणालात. रात्री दीडला अक्कलकोटच्या नाक्यावर रिक्षासाठी उभी राहिलेली मी, मला ते सुचलं नाही, तुम्हाला सुचलं. त्याबद्दलचे आभार वेगळे.

त्या पार्टीनं अकरातल्या सातांचे पैसे दिले. चारांचे बुडाले ते बुडालेच. दोन आयोजकांनी तो कागद बघून मला बोलवणं सोडलं. खोटं कशाला सांगू, पहिले सहा महिने घरात बसायची वेळ आली, फॉल-पिकोवर चाललं. पण आता जे बोलवतात ते कागदावर सही करून बोलवतात. आमच्यातल्या दोन पोरी तोच कागद टाइप करून वापरतात. एकीनं तो तेलुगूतही करून घेतला, सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या मंडळांसाठी.

तेलुगूवरून आठवलं. 1941 च्या तमिळ 'सावित्री'साठी शांताबाई तमिळ शिकल्या, संवाद आणि गाणी स्वतःच्याच तोंडून म्हटली, आणि त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. हे सांगताना तुम्ही तुमच्या शेजारच्या कापडवाल्याशी कानडीत, चहावाल्या पोराशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलत होतात, आणि त्यात विशेष काही आहे असं तुमच्या ध्यानातही नव्हतं. त्या मुलीला परक्या भाषेची भीती का वाटली नसेल, ते मला तिथंच उमगलं. दुधनीच्या फलाटावर दोन भाषा ऐकत ती लहानाची मोठी झाली असणार.

नंतरचे दिवस तुम्ही भरभर सांगितलेत. लाहोरचा 'जमीनदार', 1946 चा 'सुभद्रा', ज्यात कोवळ्या लता मंगेशकर त्यांच्याबरोबर गायल्या, मग हळूहळू कमी होत गेलेलं काम, आणि 24 फेब्रुवारी 1964 ला मुंबईत शेवट. वय पन्नाशीच्याही आतलं. अभिनेत्री नयनाताई आपटे त्यांच्या कन्या, हे मात्र तुम्ही खास थांबून सांगितलंत, आणि डबीत सुई परत टाकायला विसरलात.

गेल्या महिन्यात माहेरी जाताना मी मुद्दाम दुधनीला उतरले. लेक बरोबर होती. फलाटावर शेंगा विकणारी एक म्हातारी, दोन कुत्री, लिंबाची सावली. कुठं पाटी नाही, फोटो नाही. स्टेशनमास्तरांच्या खोलीच्या दारात आम्ही दोघी थोडा वेळ उभ्या राहिलो. आतल्या साहेबांनी विचारलं, "काय हवंय?" मी म्हटलं, "काही नाही, इथं एक गाणाऱ्या बाई जन्मल्या होत्या." त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. का ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढची गाडी तासाभरानं होती. लेकीनं मधेच 'गोपाळकृष्ण'मधली ती ओळ म्हटली, श्वासासकट.

काका, झेरॉक्स अजून माझ्याकडंच आहे. पुठ्ठा सुटलाय आणि शेवटची चार पानं निसटलीत. डिंक लावून, वजनाखाली ठेवून नीट करते. अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचे पैसे तुम्ही तेव्हाही घेतले नाहीत, पण या वेळी घ्यायचे, मी पावती मागणार आहे, कार्बन घालून. तुमच्याकडच्या सुयांची डबी संपत आलीय असं म्हणत होतात, तर पुण्याहून एकाकडून दोन डब्या मागवल्यात. मंगळवारी दुकान बंद असतं, लक्षात आहे. बुधवारी सकाळी येते, लेकीला घेऊन. तिला चावी भरायला शिकवा.

तुमची,
अ‍ॅम्प्लिफायरवाली बाई
सोलापूर