नातवाचा प्रश्न आणि ४६ गुणसूत्रं

संपादक महाशय,

मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि दर रविवारी न चुकता चर्चला जाते. उत्क्रांती मानणारा ख्रिस्ती असूच शकत नाही, असं कुणीतरी माझ्या नातवाला सांगितलं. पोर रडवेलं होऊन घरी आलं.

मी त्याला गुणसूत्रांचं, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांचं, चित्र दाखवलं. चिंपांझीत ४८, आपल्यात ४६. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रात जुनी दोन गुणसूत्रं जिथे जुळली, तो सांधा आजही ओळखता येतो. म्हणजे चिंपांझीचा आणि आपला पूर्वज एकच. मग बायबल उघडलं. ‘उत्पत्ती’ या त्यातल्या पहिल्या पुस्तकात देव सहा दिवसांत जग घडवतो; पहिल्याच अध्यायात झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या! लिहिणारा वेळापत्रक मांडत नव्हता. हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नाहीत, हे संत ऑगस्टीनने डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी ओळखलं होतं. विश्व प्रसरण पावतंय, हे १९२७ साली मांडणारे लमेत्र तर धर्मगुरूच होते.

इतिहासाचं जरा वेगळं आहे. येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात, त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये इस्रायलमधल्या कैसरियात सापडला. येशू मेलेल्यांतून उठला, त्या पुनरुत्थानाचा असा दगड मिळणार नाही. ते मी विश्वासाने मानते, आणि नातवालाही तसंच सांगितलं. रविवारच्या वर्गात शिकवणाऱ्यांना कळकळीची विनंती, मुलांना येशू की डार्विन अशा कात्रीत पकडू नका.

– एक निवृत्त शिक्षिका